मांजरीला तापाचं सिरप द्यावं का? पावसाळ्यात घरातल्याच विषांबद्दल

प्रश्न: आमची मनी दोन वर्षांची आहे, वजन साधारण साडेतीन किलो. कालपासून सुस्त आहे, अंग गरम लागतंय, नाक कोरडं आहे, खाणं निम्म्यावर आलंय. बाहेर धो धो पाऊस आणि दवाखाना उद्या सकाळीच उघडणार. तोवर धाकट्या मुलाचं तापाचं सिरप अर्धा चमचा दिलं तर चालेल का? घरात ब्रुनो नावाचा लॅब्रडॉरही आहे, त्याला गोचीड झालेत. त्याच्यासाठी आणलेलं औषध मनीलाही लावू का? पावसाळ्यात एकूणच काय सांभाळायचं, म्हणून विचारते आहे.

उत्तर: ताई, सिरप देऊ नका. अर्धा चमचा नाही आणि दोन थेंबही नाहीत. ब्रुनोचं गोचिडाचं औषधही मनीला लावू नका. ही दोन वाक्यं घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगा. बऱ्याचदा एकाने विचारेपर्यंत दुसऱ्याने दिलेलं असतं.

आधी सिरपचा हिशोब करू. लहान मुलांची तापाची सिरपं बहुतेक पॅरासिटामॉलची असतात. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम किंवा २५० मिलिग्रॅम, असं बाटलीवर छापलेलं असतं. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिलिलिटर. तुमच्याकडची बाटली २५० ची असेल तर मनीच्या पोटात १२५ मिलिग्रॅम जातील, म्हणजे किलोमागे ३५ मिलिग्रॅमच्या वर. मांजरांमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅमवरही विषबाधा झाल्याची नोंद आहे. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी धडधाकट मांजराचा जीव घेऊ शकते. वजनानुसार कमी करून दिलं तर चालेल का, असं पुष्कळजण विचारतात. चालत नाही. मांजरासाठी पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस नाहीच. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही सगळी पॅरासिटामॉलचीच नावं आहेत. सर्दीच्या अनेक सिरपांतही ते असतं.

असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी याच एका कारणाशी येऊन थांबतात. माणसाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात पॅरासिटामॉल आलं की त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडलं जातं आणि ते निरुपद्रवी होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. ही जोडणी करणारं जे एन्झाइम लागतं, ते मांजराच्या शरीरात तयारच होत नाही. त्याचा जनुक मांजरांमध्ये निकामी आहे. पिढ्यान्‌पिढ्या फक्त मांसावर जगलेल्या या प्राण्याला वनस्पतींमधली रसायनं निवारण्याची गरज पडली नाही, म्हणून ती सोय गेली असावी, असं मानलं जातं. मग औषध दुसऱ्या वाटेने जातं आणि त्या वाटेवर एक घातक पदार्थ तयार होतो. तो निष्प्रभ करणारा ग्लुटाथायॉनचा साठा मांजरात लवकर संपतो, आणि पुढचा मारा थेट रक्तातल्या तांबड्या पेशींवर होतो. हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मांजर श्वास घेतंय, छाती वरखाली होतेय, पण अंगाला प्राणवायू पोचत नाही.

दवाखान्यात असं मांजर आलं की मी आधी त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी बघतो. गुलाबी असायला हवी ती मातकट तपकिरी दिसते. चेहरा आणि पंजे सुजलेले असतात, लाळ गळत असते. रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाकतो आणि शेजारी निरोगी प्राण्याच्या रक्ताचा थेंब ठेवतो. निरोगी थेंब हवा लागल्यावर लालभडक होतो, विषबाधेचा तपकिरीच राहतो. घरच्यांनाही तो फरक बघताक्षणी कळतो. तरी "काही दिलं होतं का?" या प्रश्नाला पहिलं उत्तर बहुधा "नाही" असंच येतं. दुसऱ्यांदा विचारलं की कोणीतरी हळूच म्हणतं, "तसं काही नाही, फक्त अर्धी क्रोसिन." ती गोळी आपल्या घरांत औषधांत धरलीच जात नाही, आणि मांजरं जातात ती यामुळे.

हे उत्तर वाचेपर्यंत कोणी दिलंच असेल तर सकाळची वाट बघू नका. लक्षणं काही तासांत सुरू होतात आणि उपचाराचा उपयोग जितका लवकर तितका जास्त. यावर उतारा आहे, त्याचं नाव ॲसिटिलसिस्टीन. माणसांना पॅरासिटामॉलची विषबाधा झाली तर तेच देतात, आणि छातीतला कफ पातळ करायलाही ते वापरतात, त्यामुळे मोठ्या मेडिकल दुकानात मिळतं. ते घरी द्यायचं नाही, पण डॉक्टरांकडे संपलेलं असेल तर वाटेत घेऊन जाता येतं. म्हणून निघण्यापूर्वी फोन करा. प्राणवायू, सलाईन आणि कधी रक्तही द्यावं लागतं. दिलेलं औषध लपवू नका. तुम्हाला रागावायला कोणी बसलेलं नाही, आणि दोन मिनिटांत खरं कळलं तर एक तास वाचतो.

आता मनीला खरंच ताप आहे का ते बघू. मांजराचं आणि कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपलं त्याहून कमी. त्यामुळे आपल्या हाताला प्रत्येक मांजर गरमच लागतं. कोरड्या नाकावरूनही काही ठरत नाही, झोपून उठलेल्या निरोगी मांजराचं नाक कोरडंच असतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या (तो मग प्राण्यांसाठीच ठेवा), टोकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. एकाने मनीला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरायचं, दुसऱ्याने शेपटी उचलून गुदद्वारात साधारण इंचभर अलगद सरकवायचा आणि बीप वाजेपर्यंत धरायचा. १०३ च्या वर असेल तर ताप आहे असं धरा. १०४ च्या पुढे किंवा ९९ च्या खाली असेल तर रात्रीच डॉक्टर गाठा. ती फारच झटापट करू लागली तर सोडून द्या. तापमान न कळल्याने जितकं बिघडेल त्याहून जास्त, आजारी मांजराला दमवल्याने बिघडतं.

मनी बाहेर हिंडणारी असेल तर मान, खांदे आणि शेपटीचं मूळ बोटांनी चाचपून बघा. बाहेरच्या बोक्याशी मारामारी झाली की दाताची जखम वरून बुजते आणि आत पू धरतो. तरुण मांजराच्या तापाचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. एखादी जागा गरम, फुगीर लागली किंवा तिथे हात लावताच तिने गुरकावलं तर डॉक्टरांना ती जागा दाखवा. स्वतः पिळू नका. तिच्या लसी झाल्या आहेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाल्या नसतील आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) विचार करावा लागतो, आणि त्यात थांबायला वेळ नसतो.

रात्रभर तिला कोरडी, शांत जागा द्या, जवळ पाणी ठेवा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन कोमट करून पुढे ठेवा, वास आला तर खाईल. त्यात कांदा-लसूण नको, दोन्ही मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. तोंडात सिरिंजने पाणी किंवा दूध ओतू नका. ग्लानीत असलेल्या प्राण्याच्या फुप्फुसात ते जातं आणि तापापेक्षा मोठं दुखणं होऊन बसतं. ती तोंड उघडून धापा टाकू लागली, हिरड्या पांढऱ्या, निळसर, पिवळ्या किंवा तपकिरी दिसल्या, मागचे पाय ओढू लागली, किंवा उलट्या थांबेनात, तर पाऊस असो नसो, निघा. ज्यांच्याकडे बोका आहे त्यांच्यासाठी इथेच सांगतो: बोका वारंवार लघवीला बसतोय, कण्हतोय आणि थेंबही पडत नाही, याला लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. मूत्रमार्ग अडकलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. तसंच कुठलंही मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठू लागते, लठ्ठ मांजरात तर जास्तच. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर निभावतं. मांजराच्या बाबतीत तो विश्वास ठेवू नका.

पॅरासिटामॉलच्या वेळी ज्या एन्झाइमचा उल्लेख केला, तेच नसल्याने आणखी काय काय घडतं ते बघा. ॲस्पिरिनचा निचरा आपल्या शरीरात काही तासांत होऊ लागतो, मांजराच्या शरीरात निम्मी मात्रा जायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतो. म्हणजे सकाळ-संध्याकाळ डिस्प्रिनचा तुकडा दिला तर औषध साठतच जातं. सर्दी झाली म्हणून मांजराच्या नाकाला किंवा छातीला बाम चोळतात. त्यात कापूर, मेंथॉल, निलगिरी, कधी विंटरग्रीनचं तेल असतं आणि विंटरग्रीन हे ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं. मांजर ते चाटून काढतं, म्हणजे पोटातच जातं.

आणि फिनेल. पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची, कारण इथे कोणी काही "दिलेलं" नसतं. ओल आली, कुबट वास येऊ लागला, माश्या-मुंग्या झाल्या की बादलीत फिनेलचं झाकण जरा जास्तच उपडं होतं. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉलवर्गातली द्रव्यं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. दोन्ही मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. या दिवसांत फरशी लवकर वाळत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, कोपऱ्यात जाऊन बसतं आणि एकेक पंजा उचलून बोटांच्या फटीतून जीभ फिरवत स्वच्छ करतं. त्याचा स्वभावच तो आहे. मग दुपारी लाळ गळायला लागते, जिभेच्या कडेला लाल चट्टे किंवा फोड दिसतात, खायला जातं आणि मागे सरकतं. जास्त गेलं असेल तर चाल डगमगते. घरचे म्हणतात, तोंडाला काही चावलं असेल. मी आधी पंजे हुंगतो. पुष्कळदा वास तिथेच असतो.

असं झालं तर पंजे आणि पोटाकडचे केस कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, कोरडे करा आणि दवाखान्यात या. उलटी करवू नका, जाताना जे भाजलं ते येतानाही भाजतं. मांजर असलेल्या घरात रोजची फरशी साध्या पाण्याने किंवा अगदी थोड्या साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुरते. फिनेल वापरायचंच असेल तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाण्यात घाला, नंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवा आणि फरशी कोरडी होईपर्यंत खोलीचं दार बंद ठेवा. कपाटातल्या डांबरगोळ्याही याच यादीतल्या. त्या घरंगळतात, मांजर खेळतं, तोंडात धरतं.

आता गोचीड. ब्रुनोसाठी काय आणलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून बाटलीवरचं नाव वाचा. पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ यांपैकी काही असेल तर ते मनीच्या जवळही नको. यातली काही औषधं मुळात गाई-म्हशींच्या गोचिडांसाठीची, बादलीभर पाण्यात काही थेंब घालून वापरायची. आपल्याकडे ती सर्रास कुत्र्या-मांजरांवर ओतली जातात, कारण स्वस्त आहेत आणि कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. मांजराला लागलं की आधी कान फडफडतात, कातडी थरथरते, मग सगळं अंग कापू लागतं आणि झटके येतात. असं झालं तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने लगेच आंघोळ घाला, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि थेट दवाखान्यात न्या. झटके सुरू झालेले असतील तर आंघोळीत वेळ घालवू नका, तसंच उचला.

ब्रुनोलाच पाठीवर सोडायचं औषध लावलंत तर ते पूर्ण वाळेपर्यंत मनीला दुसऱ्या खोलीत ठेवा. एकत्र वाढलेली मांजरं कुत्र्याला चाटतात, त्याच्या कुशीत झोपतात. त्याऐवजी ब्रुनोला खायची गोळी देता येते, फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनर या गटातली. तिचा त्रास मनीला होत नाही. पण ती वजन करूनच घ्यायची, आणि ब्रुनोला पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. मांजरांसाठी वेगळ्या मात्रेत बनवलेली औषधं मिळतात, पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन छापलेलं असतं. कुत्र्याचं पाकीट अर्धं करून मांजराला, हा हिशोब करू नका.

अंगावरचे गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल चोळणं बंद करा. रॉकेलने कातडी भाजते, आणि चाटताना ते श्वासातून आत गेलं तर न्यूमोनिया होतो. आणि फक्त ब्रुनोवर औषध मारून भागणार नाही. आपल्याकडच्या कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड घरातच राहतो. पोट भरलं की मादी खाली उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत, खिडकीच्या चौकटीत, पडद्याच्या शिवणीत हजारोंच्या संख्येने अंडी घालते. ब्रुनो जिथे झोपतो तिथल्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपरे व्हॅक्यूमने ओढा. औषध फवारायला माणूस बोलावलात तर घरात मांजर आहे हे त्याला आधी सांगा आणि तो दिवस मनीला दुसरीकडे ठेवा.

गोचिडांचा खरा धोका खाजेचा नाही, तापाचा आहे. एर्लिकिया आणि बेबेसिया हे दोन आजार या दिवसांत आमच्याकडे रोजचे झालेले असतात. कुत्रा मलूल होतो, खात नाही, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, बेबेसियात लघवी गडद होते. आणि नेमकं इथे घरचं औषध नडतं. एर्लिकियात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात. त्यावर कोणी ब्रुफेन, काँबिफ्लाम किंवा डिस्प्रिन दिलं की पोटात व्रण होऊन रक्तस्राव सुरू होतो, काळी डांबरासारखी शी होते, किडनीवरही ताण येतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही माणसाची वेदनाशामकं कुत्र्याला घरून कधीच देऊ नका. ब्रुनोचं रक्त तपासून घ्या, हे मी त्याला काही होत नसतानाही सांगतो आहे, कारण गोचीड झालेत असं तुम्हीच लिहिलंय. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागतो आणि लोक गोळ्या थांबवतात. मग दोन महिन्यांनी तोच कुत्रा आणखी फिका होऊन परत येतो. कोर्स पूर्ण करा.

एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला चालत नाही, याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण गिधाडांचं आहे. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि किडन्या निकामी होऊन ती संपत गेली. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, त्याच कारणाने ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये. गाय ते औषध घेऊन ठणठणीत राहते आणि तिच्या मांसाने गिधाड मरतं.

उंदराचं औषध हा पावसाळ्यातला दुसरा मोठा विषय. बिळात पाणी शिरलं की उंदीर-घुशी वर येतात आणि घरोघरी, सोसायटीच्या जिन्याखाली विष ठेवलं जातं. त्याचे मुख्य दोन प्रकार. एक काळपट भुकटी, झिंक फॉस्फाइड, पिठाच्या गोळीत घालून ठेवतात. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा विषारी वायू होतो आणि काही तासांत उलट्या, पोटफुगी, धाप, झटके येतात. यात दूध, तूप, भात असं काहीही खाऊ घालू नका, अन्नाने पोटात आम्ल आणखी सुटतं. कुत्रा गाडीत उलटी करेल तर काचा उघड्या ठेवा, तो वायू तुम्हालाही बाधतो.

दुसरा प्रकार केक किंवा वडीचा, ब्रोमॅडिओलोन. हे जास्त फसवं आहे. कुत्रा वडी खातो आणि तीन-चार दिवस अगदी मजेत असतो. घरचे म्हणतात, पचलं. आत मात्र रक्त गोठायची क्रिया हळूहळू बंद पडत असते. मग एकदम खोकला, धाप, हिरड्या पांढऱ्या, पोटात किंवा छातीत रक्त. वडी खाताना दिसला त्याच दिवशी आणलात तर उलटी करवून आणि व्हिटॅमिन के१ देऊन तो बहुतेक वेळा सुखरूप राहतो. के१ तीन-चार आठवडे द्यावं लागतं, खाण्याबरोबर, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी करावी लागते. मेडिकलवाल्याने "व्हिटॅमिन के" म्हणून के३ दिलं तर त्याचा इथे उपयोग नाही, चिठ्ठीवरचं नाव ताडून घ्या. आणि ज्या दिवशी सोसायटीत औषध ठेवणार, त्या दिवशी ते कोणतं आहे हे नाव आणि पाकिटाचा फोटो सगळ्यांना कळवा, असं सेक्रेटरींना सांगून ठेवा. विषाचं नाव माहीत असणं हा अर्धा उपचार आहे.

खाण्यातल्या दोन-तीन गोष्टी. लॅब्रडॉर आहे म्हणून मुद्दाम मक्याच्या कणसाचं सांगतो. दाणे खाऊन टाकलेला बुरकुंडा ही जात अख्खा गिळते, तो आतड्यात अडकतो, एक्स-रेत नीट दिसतही नाही आणि शेवटी पोट उघडावं लागतं. आंब्याच्या दिवसांत कोयीने हेच होतं. द्राक्षं, मनुका आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. नाशिक-सांगलीकडे प्रत्येक घरात ते डब्याने असतात आणि गणपतीत प्रसादातही असतात. त्यामागे टार्टरिक आम्ल असावं असं अलीकडे पुढे आलंय, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा चिंचेचा गोळाही ओट्यावर उघडा ठेवू नका. साखरविरहित च्युइंगगम आणि मिठायांतलं झायलिटॉल कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात पाडतं.

ब्रुनोला साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मूत्रातला लेप्टोस्पायरा हा जिवाणू तिथून येतो आणि त्याचा आजार माणसालाही होतो. त्याच्या वार्षिक लसीत लेप्टो आहे का ते कार्डावर बघा. आणि शेताकडे किंवा मोकळ्या प्लॉटवर जात असाल तर सापाचं लक्षात असू द्या. घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चौघांवर माणसांना देतात तीच प्रतिविषाची लस कुत्र्यालाही चालते. जखम कापणं, दोरीने आवळणं यात वेळ घालवू नका. कुत्र्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या.

विष पोटात गेलं की मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची पद्धत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. तिने मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात, म्हणजे एका विषावर दुसरं. मांजराला उलटी करवायचा सुरक्षित घरगुती उपाय नाही. कुत्र्यालाही घरी करवू नका. पहिल्या दोन तासांत आणलात तर आम्ही इंजेक्शनने करवतो. येताना पाकीट किंवा बाटली आणा, फाटलेलं का असेना. किती वाजता, साधारण किती खाल्लं, वजन किती, एवढं कागदावर लिहा. उलटी झाली असेल तर फोटो काढा. मांजराला स्कूटरवर मांडीत धरून आणू नका. पिंजरा नसेल तर झाकणाची प्लॅस्टिकची बास्केट किंवा चेन लावलेली उशीची खोळही चालते. रात्री कुठे डॉक्टर भेटतात हे आजारपण नसताना विचारून ठेवा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथली वेळ माहीत असू द्या. गावाकडे १९६२ या टोल फ्री क्रमांकावर सरकारी फिरत्या पथकाची चौकशी करता येते, ती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे तरी विचारून बघा.

मनीला धरताना तिने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. तिची रेबीजची लस झालेली असली तरीही जा.

सकाळी मनीला नेताना रात्रीचं तापमान, तिने काय खाल्लं आणि लघवी झाली का, एवढं लिहून न्या. ताप असेल तर मांजरांना चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टर वजन करून देतील. गोळ्यांत डॉक्सिसायक्लिन असेल तर ती कोरडी देऊ नका. मागोमाग थोडं पाणी किंवा चिकन उकडलेलं बिनमिठाचं पाणी पाजा, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. ब्रुनोलाही त्याच फेरीत न्या. त्याचं वजन होईल, रक्त घेता येईल, आणि आणलेली गोचिडाची बाटली दाखवून वापरायची की परत करायची तेही ठरेल.